सुखात्म्यांची रेघ

29 जून हा संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस. देशभर तो सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. आमच्या शेजारच्या डॉक्टरांची भाची एका मेडिकल कॉलेजात, पीएसएम म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या विभागात, संख्याशास्त्र शिकवते. यंदा त्या दिवसाचं भाषण तिच्या गळ्यात पडलं आणि विषय तिनं घेतला पां. वा. सुखात्मे. हे ऐकलं आणि डॉक्टरांचं पित्त खवळलं. ते बालरोगतज्ज्ञ, उभी हयात कोल्हापुरातली आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं तपासण्यात गेली. आता दवाखाना बंद आहे, तोंड चालू आहे. भाची शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र अधिविभागाची एम.एस्सी., तीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे. मी बँकेचा पेन्शनर, दोघांच्या मधे चहा पीत बसलेला. त्या रविवारी कानावर पडलं ते लिहून काढतो. मधूनमधून माझं मत घुसेल, ते मुद्दाम घुसवलेलं आहे असं समजा.

मामा : महालनोबिसांच्या दिवशी सुखात्मे? कॉलेजवाल्यांना कळलं तरी का, की पीक मोजण्यावरून त्या दोघांची चांगलीच जुंपली होती?

भाची : म्हणूनच तर घेतला. दरवर्षी तेच तेच भाषण ऐकून पोरं झोपतात.

मामा : आणि देशातले निम्मे उपाशी लोक ज्यानं कागदावर जेवू घातले, तोच माणूस सापडला तुला? दाणा एक न वाटता!

भाची : मामा, तुम्ही एकदम शेवटाला हात घालताय. माणूस आला कुठून ते तरी बघा की.

मामा : सांग.

भाची : 27 जुलै 1911 चा जन्म, गाव बुध, तालुका खटाव. आपल्या जवळचाच सातारा जिल्हा, आणि त्यातही दुष्काळी पट्टा. 1932 ला फर्ग्युसनमधून पदवी, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. त्या वेळी तिथं एगॉन पिअर्सन, फिशर, नेमान अशी माणसं होती. संख्याशास्त्राची सगळी भांडणं त्याच जिन्यावर व्हायची म्हणा ना. 1936 ला पीएच.डी., 1939 ला डी.एस्सी. पीएच.डी.चा विषय शुद्ध गणिताचा, भाकरीशी त्याचा काही संबंध नाही. परत आले आणि कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत प्राध्यापक झाले. म्हणजे आत्ता मी करते तेच काम, डॉक्टरांना संख्याशास्त्र शिकवायचं.

मामा : म्हणजे पोरांना पी व्हॅल्यू आणून द्यायची.

हा टोमणा भाचीला झोंबला, आणि झोंबणारच. तिच्या कामाचं स्वरूप मी पाहिलेलं आहे. सुट्टीच्या दिवशीही तिच्याकडं एखादा पी.जी.चा मुलगा लॅपटॉप काखेत मारून येतो. थिसिस जमा करायची तारीख डोक्यावर आलेली असते. मास्टर चार्ट उघडला की वयाच्या रकान्यात कुठं 2, कुठं 24 महिने, कुठं नुसतंच 'लहान'. वजन 125 किलो लिहिलेलं असतं, ते मुळात 12.5 असतं. एका रांगेत एका पुरुषाची प्रसूती झालेली असते. मुलगा म्हणतो, मॅडम, तेवढी पी व्हॅल्यू 0.05 च्या आत येईल असं काहीतरी बघा. ही बाई मग त्याला पाणी देते, खाली बसवते आणि विचारते, तुला मुळात काय जाणून घ्यायचं होतं? तिचा निम्मा दिवस त्या एका प्रश्नात जातो. पुष्कळदा उत्तर असं निघतं, की गाइडनी विषय दिला म्हणून. मग ती त्याला परत पाठवते, केसपेपर काढून वजनं पुन्हा तपासायला. पोरं तिच्या नावानं बोटं मोडतात. थिसिस पास झाल्यावर पेढेही आणतात, हेही सांगितलं पाहिजे.

भाची : पी व्हॅल्यूचं राहू दे. 1940 ला ते दिल्लीला शेती संशोधन परिषदेत गेले. त्याआधी पीक कसं मोजायचे, सांगा बघू.

मामा : आणेवारी. न सांगायला काय झालं? आमच्या आज्याच्या वेळेला तलाठी बांधावर उभा राहून सांगायचा, यंदा पीक आठ आणे.

भाची : बरोबर. नजरेचा अंदाज, त्याला नेहमीच्या उताऱ्यानं गुणायचं, मग पेऱ्याच्या क्षेत्रानं गुणायचं. झालं जिल्ह्याचं उत्पादन! सुखात्म्यांनी सांगितलं, नजर बाजूला ठेवा. गावं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडायची, गावातली शेतं तशीच, शेतातला तुकडासुद्धा तसाच. चांगलं पीक बघून नाही आणि वाईट बघूनही नाही. तिथं 33 फूट बाय साडेसोळा फुटांची चौकट आखायची. एकराचा बरोबर ऐंशीवा भाग होतो. तेवढं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं.

मामा : पीक कापणी प्रयोग. आता विम्यासाठी करतात तो.

भाची : तोच. महालनोबिसांचं म्हणणं, एवढी मोठी चौकट कशाला? बारीक तुकडे घ्या, जास्त ठिकाणी घ्या, खर्च तेवढाच होईल. ऐकायला पटतं. पण सुखात्म्यांनी दोन्ही मापं एकाच पिकावर लावून पाहिली आणि बारीक तुकड्यांत उतारा जास्त येतोय हे दाखवलं. 1946 साली 'नेचर'मध्ये छापलं. कारण काय असेल?

मामा : तूच सांग.

भाची : कड. दोरीवरच उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लबाडी नसते त्यात. भरलेलं कणीस दिसलं की हात जातो. आता हिशेब करा. चार बाय चार फुटांच्या चौकटीत 16 चौरस फूट जागेला 16 फूट कड येते. सुखात्म्यांच्या चौकटीत साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास जागा आणि कड 99 फूट. लहान चौकटीत फुटामागं पाचपट कड, म्हणजे चुकायला पाचपट जागा. आणि ही चूक जास्त शेतं मोजून जात नाही. सगळीकडं एकाच बाजूला झुकते.

या ठिकाणी मी चहाचा कप खाली ठेवला. बँकेत आम्ही हिशेबाची चूक शोधायचो ती कुणाची, म्हणून. चुकीला कड असते आणि कडेचं माप काढता येतं, हे मला नवीन होतं.

मामा : हे मान्य. शेतात माणूस चोख. पण मग मला सांग, नजरेनं पीक मोजू नका म्हणणारा हा माणूस भूक मोजायला गेला तेव्हा घराघरात का नाही शिरला? तिथं कॅलरीचे तक्ते का घेऊन बसला?

भाची : येते तिथं. आधी रोम. 1951 पासून जवळजवळ वीस वर्षं ते तिथं एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, सांख्यिकी विभागाचे प्रमुख. त्या काळात एक वाक्य जगभर फिरत होतं, जगातली दोनतृतीयांश माणसं उपाशी आहेत. लॉर्ड बॉइड ऑर म्हणाले होते, एफएओचे पहिले महासंचालक, शांततेचं नोबेल मिळालेले. त्यांच्या वाक्याला हात लावायचा कुणी?

मामा : यानं लावला.

भाची : लावला, तोही त्याच संस्थेत बसून. 1961 साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढं निबंध वाचला. ज्यांच्या पोटाला अन्न कमीच पडतं असे लोक जगात 10 ते 15 टक्के. आणि भूक किंवा निकृष्ट आहार, किंवा दोन्ही धरलं, तर निम्म्यापर्यंत. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळे आकडे. 1963 ला त्या सोसायटीनं त्यांना गाय पदक दिलं.

मामा : म्हणजे आकडा खाली आणायची खोड जुनीच.

भाची : खाली आला तो नाइलाजानं. आधीचा आकडा कशावर उभा होता तेच कुणाला सांगता येत नव्हतं. बरं, प्रोटीनचं तरी मान्य कराल?

मामा : ते करतो की. त्यात मी त्यांच्या बाजूचा.

डॉक्टर इथं खुर्चीत सावरून बसले. 1960 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांत प्रथिनांच्या टंचाईचा मोठा गजर झाला होता. मासळीची पूड, पेट्रोलियमवर वाढवलेलं यीस्ट, काय काय गरिबांना खाऊ घालायच्या योजना होत्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन यांनी मुलं तपासून सांगितलं, आपल्या ज्वारी-डाळीच्या जेवणात पोटभर खाल्लं तर प्रथिनं पुरेशी येतात. मुळात जेवणच कमी पडतंय. सुखात्म्यांनी आहाराच्या पाहण्यांतून तेच 1970 साली आकड्यांनी दाखवलं. 1973 ला एफएओ आणि जागतिक आरोग्य संघटनेनं प्रथिनांची गरज कमी करून टाकली. 1974 ला 'लॅन्सेट'नं तर या सगळ्या प्रकाराला फजिती म्हणणारा लेख छापला.

मामा : अजून आया विचारतात, डॉक्टर, कुठला डबा देऊ? मी सांगायचो, डब्याचे पैसे मला दे, मी तुला शेंगदाणे-गूळ आणून देतो. पण बघ, तिथं गोपालन आणि सुखात्मे एका बाजूला होते. पुढं ते समोरासमोर आले. का आले?

भाची : 1971 मुळं.

मामा : 1971 ला सुखात्म्यांना पद्मभूषण मिळालं.

भाची : आणि त्याच वर्षी दांडेकर-रथ या अर्थतज्ज्ञांचा 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास आला. वि. म. दांडेकरही साताऱ्याचेच. माणसाला दिवसाला 2250 कॅलरी लागतात असं धरलं. 1960-61 च्या भावानं तेवढं अन्न ज्या खर्चाच्या घरात पोटात जातं तो खर्च काढला, खेड्यात महिन्याला 15 रुपये, शहरात साडेबावीस. त्याच्या खाली खेड्यातली 40 टक्के आणि शहरातली 50 टक्के माणसं. आपली दारिद्र्यरेषा कॅलरीला बांधली गेली ती तिथून. पुढं 1979 ला सरकारच्या अभ्यासगटानं 2400 आणि 2100 धरलं.

मामा : आणि रोमहून पुण्याला परतलेल्या सुखात्म्यांना ते बघवलं नाही.

भाची : त्यांनी साधा प्रश्न विचारला. 2250 ही सरासरी आहे ना? मग धडधाकट, पोटभर जेवलेल्या लोकांचा गट घ्या, त्यातलेही निम्मे सरासरीच्या खालीच भरणार. त्यांना उपाशी कसं म्हणता? हे चूक आहे का, सांगा.

मामा : नाही.

भाची : दुसरं. एकच माणूस रोज सारखं खात नाही आणि सारखं खर्चत नाही. ब्रिटिश लष्करातल्या जवानांचं रोजचं खाणं आणि रोजची मेहनत एडहोम नावाच्या संशोधकानं टिपलेली होती. त्या दिवसाचं खाणं आणि त्या दिवसाची मेहनत जुळतच नाहीत. तरी वजन जागच्या जागी. सुखात्मे आणि बर्कलीचे शेल्डन मार्गेन म्हणाले, शरीर एका पट्ट्यात स्वतःला सांभाळून घेतं. कालची बाकी आजच्यात येते. मग रेघ सरासरीवर मारू नका, पट्ट्याच्या तळाशी मारा, सरासरी उणे दोन एसडी, म्हणजे दोन प्रमाण विचलनं. त्याच्याही खाली जो कायम राहील त्याला कमी पडतंय हे नक्की.

मामा : आणि एसडी सरासरीच्या साधारण 15 टक्के. दोन एसडी म्हणजे 30 टक्के. तुझ्याच गणितानं 2250 मधून काढ की. 1575! एवढ्यावर माणूस जगतो, असं सांगणार तू माझ्यासमोर?

भाची : एवढ्यावर कायम जगावं असं ते म्हणालेच नाहीत. याच्या वर असलेल्या माणसाला नुसत्या कॅलरीच्या आकड्यावरून उपाशी ठरवता येत नाही, एवढंच.

मामा : पण छापून काय आलं? उपाशी निम्मे झाले!

भाची : आमच्या तालमीतले पैलवान बघा. हंगामात खुराक वेगळा, मैदानं संपली की वेगळा. वजन तेच ठेवतात.

कोल्हापुरात कुठलाही वाद शेवटी तालमीत जातोच. पण भाचीनं हा डाव टाकायला नको होता, असं मला वाटलं. डॉक्टर त्याचीच वाट बघत होते.

मामा : पैलवान खुराक कमी करतो तो स्वतःच्या मर्जीनं, आणि तेव्हा मेहनतही कमी करतो. ते गोरे जवानही भरल्या ताटावरचे होते, आज कमी खाल्लं तर उद्या जास्त मिळणार याची खात्री असलेले. त्यांच्या काही आठवड्यांच्या वहीवरून तू माझ्या ऊसतोड मजुराचं पोट मोजणार? गळीत हंगामात बीडकडून जोडपी येतात इथं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवते, कधी पहाटे, कधी गाडी आली तर रात्री. आयसीएमआरच्या 1989 च्या तक्त्यात जड काम करणाऱ्या पुरुषाला 3800 कॅलरी आहेत, बैठ्या माणसाला 2425. वजन दोघांचं 60 किलो धरलेलं. आमच्या मजुराचं वजन 60 कुठलं? वजन कमी म्हणून गरज कमी, गरज कमी म्हणून खाणं पुरेसं! हा हिशेब गोल फिरतो, पोरी.

भाची : कामानुसार गरज वेगळी धरावी हे कोण नाकारतंय?

मामा : नाकारत कुणी नाही, पण रेघ मारताना विसरतात. शरीर सांभाळून घेतं म्हणे! कसं घेतं ते मी बघितलंय. पालावरचं पोर आणलं होतं एकदा. आई म्हणाली तीन वर्षांचं. मला वाटलं दीड. रडत नव्हतं, खेळत नव्हतं, आईच्या मांडीवर गप्प. फीत दंडाला लावली, लाल पट्ट्यात, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. ते पोर ऊर्जा वाचवत होतं, पुस्तकात लिहिलंय तसं. न खेळून वाचवत होतं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाचीनं आवाज न चढवता तिचा हुकमी मुद्दा काढला.

भाची : मामा, तुमच्या अंगणवाडीच्या तक्त्यात कमी वजनाची रेघ कुठं आहे?

मामा : उणे दोन एसडी.

भाची : तीव्र कमी वजनाची?

मामा : उणे तीन. कुठं नेतेयस ते कळतंय मला.

भाची : मग सुखात्म्यांनी मारली तर पाप, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मारली तर शास्त्र?

मामा : फरक आहे. तू ताटातलं मोजतेस आणि अंगात काय झालं असेल याचा अंदाज करतेस. मी अंग मोजतो. वजन, उंची, दंड. अंगणवाडीताई काट्यावर पोर ठेवते तेव्हा ते तिच्या डोळ्यांसमोर असतं. आणि ती रेघ ओलांडली की पोराकडं लक्ष द्यायचं असतं, तुमची रेघ ओलांडली नाही तर सोडून द्यायचं असतं. शेतात कडेवरच्या ताटावरून एवढं रामायण केलंत ना? मग इथं कडेवरचा माणूस बाहेर ढकलताना कुणी मोजमाप केलं?

मला वाटतं, त्या सकाळचा सगळ्यात नेमका घाव हा होता. रेघ सरासरीवर मारली तर धडधाकट माणूस उपाशी धरला जातो. तळाशी मारली तर उपाशी माणूस धडधाकट धरला जातो. दोन्हींत चूक आहे. पहिल्या चुकीत सरकारचे पैसे जातात. दुसऱ्या चुकीत काय जातं ते डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं होतं. सुखात्म्यांनी पहिली चूक पकडली आणि तिच्या मागं लागले. दुसऱ्या चुकीची किंमत त्यांनी पुरेशी मांडली नाही, असं माझं मत आहे.

मामा : आणि सेक्लर? 1982 साली पुण्यात जे पुस्तक निघालं, सुखात्म्यांनी संपादलेलं, त्यात त्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा लेख आहे. लहान चणीचे पण निरोगी! म्हणजे गरिबाचं पोर खुरटं राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. गोपालन याच्यावर तुटून पडले ते उगाच?

भाची : संपादक म्हणजे लेखक नव्हे. पण या मुद्द्यावर मी वकिली करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 मध्ये सहा देशांत चांगल्या परिस्थितीतली मुलं मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दक्षिण दिल्ली. आईचं दूध, नीट आहार, स्वच्छ घर मिळालं की पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच उंच होतात. 2006 चे वाढीचे तक्ते त्यावरूनच झाले. सेक्लरचा मुद्दा तिथं संपला.

मामा : त्याआधीच पुण्यात संपला होता. केईएम हॉस्पिटलचे याज्ञिक. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून धरून मोजत गेले. आपलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन. आपलं बाळ वाळकं दिसतं, पण त्याची चरबी त्या मानानं टिकून असते; कमी पडतात ते स्नायू आणि पोटातले अवयव. वाळकं पण चरबीदार बाळ. पुढं मधुमेह अशांनाच गाठतो. लहान चणीचे पण निरोगी म्हणणाऱ्यांना हे बाळ दाखवावं.

भाची : पण मामा, याज्ञिकांनी काय केलं? वजनावर समाधान न मानता कातडीची घडी मोजली, डोकं मोजलं, पोट मोजलं. एका सरासरीवर विश्वास न ठेवता आत काय चढउतार आहे ते बघितलं. सुखात्मे याहून वेगळं काय सांगत होते?

मामा : हां. ते देतो तुला.

इथं वादाची धार थोडी कमी झाली, आणि भाचीनं मला चकित केलं. आपल्याच माणसाविरुद्धचा पुरावा तिनं आपणहून बाहेर काढला. निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसून काम करत. तिथून दांडेकरांची गोखले संस्था हाकेच्या अंतरावर. दोघांची खडाजंगी मात्र मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त, 1981-82 मध्ये. त्या वर्षांत सुखात्म्यांचा एक धोशा होता, नुसतं धान्य ओतू नका. पाणी स्वच्छ करा, संडास करा, जंत घालवा. नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ पाहिलेल्या माणसाला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

भाची : हे मला फार पटायचं. पण नंतर त्याची मोठी चाचणी झाली. बांगलादेश आणि केनियाचे निकाल 2018 ला आले, झिंबाब्वेचा 2019 ला. गावं चिठ्ठ्या टाकून वाटली. काहींना पाणी-संडास-हात धुणं, काहींना बाळाचा पूरक आहार, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. पूरक आहारानं उंची थोडी वाढली. पाणी-संडासानं उंचीत काही फरक पडला नाही.

मामा : मग तुझे सुखात्मे हरले की.

भाची : त्या मापात हरले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, ते लहान नाही. आणि तिथं घराघराला संडास दिला, पूर्ण गाव स्वच्छ झालं असं नव्हे. पण निकाल तो निकाल. भाषणात मी तो सांगणार. मला त्यांचं हेच तर आवडतं. बॉइड ऑरसारख्या मोठ्या माणसाचा आकडा म्हणून त्यांनी सोडला नाही, मग त्यांचा आकडा मी का सोडू?

मामा : ऊसतोडीच्या पोराचंही सांग.

भाची : सांगते. नाव न घालता.

मामा : आणि दांडेकरांच्या बाजूनं हेही सांग, की दारिद्र्य म्हणजे नुसत्या कॅलरी नव्हेत. घरात दवाखान्याला पैसे नसणं, पोरीची शाळा सुटणं, हे कुठल्या एसडीत बसवणार?

भाची : ते आता सरकारनंही मानलंय. 2009 ला तेंडुलकर समितीनं दारिद्र्यरेषेला कॅलरीपासून सोडवलं. आरोग्य आणि शिक्षणाचा खर्च धरला. सुरेश तेंडुलकर, तेही आपलेच. साताऱ्याचे दोघं जिथं भांडले तिथं तिसऱ्या मराठी माणसानं येऊन रेघच उचलून दुसरीकडं ठेवली.

मामा : पण उंचीचं काय? केंद्राच्या 2019-21 च्या मोठ्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुरटी. त्याच्या आधीच्या पाहणीत 34.4. एवढ्या योजना, एवढे डबे, एवढे फोटो. जागचं हललं नाही.

भाची : पॉइंट आठचा फरक नमुन्याच्या चुकीतही जाऊ शकतो. वाढलं म्हणू नका.

मामा : वाढलं नाही म्हणत. कमी झालं नाही म्हणतो. ते चुकीत जातं का?

भाची : नाही. ते नाही जात.

सुखात्मे 28 जानेवारी 1997 ला गेले. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय त्यांच्या नावानं राष्ट्रीय पुरस्कार देतं. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचं नाव फारसं माहीत नसतं. शेतीवाल्यांना नमुना पाहणीवरच्या 1954 च्या त्यांच्या पुस्तकामुळं थोडं माहीत असतं. जगात किती लोकांना अन्न कमी पडतं याचा जो आकडा एफएओ दरवर्षी काढते, तो आजही 1961 च्या त्या निबंधातून वाढलेल्या पद्धतीनंच निघतो, आणि त्यातली रेघही सरासरीच्या खालीच, किमान गरजेवर मारलेली असते. जागतिक भूक निर्देशांकाच्या चार घटकांपैकी एक घटक म्हणजे हाच आकडा. 2021 आणि 2022 साली तो निर्देशांक जाहीर झाल्यावर भारत सरकारनं त्यावर लेखी आक्षेप घेतला, त्यात या आकड्यावरही. आपल्या देशातले उपाशी लोक फुगवून दाखवले, असं सरकारचं म्हणणं होतं.